तांडेलकाकांच्या होडीचं बूड

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, कारण शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. तांडेलकाकांनी मात्र घेतलं नसतं. त्यांनी हा कागद आधी उलटा करून मागची बाजू पाहिली असती.

कुठलीही वस्तू ते उलटी करून बघत. मी नवा तांब्या दाखवायला नेला तरी तेच. "वरनं सगळंच चांगलं दिसतंय. बूड दाखव," म्हणत.

गोव्याच्या बंदरातली नोकरी संपवून ते गणेशगुडीजवळ आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा मागोमाग ट्रेलरवरून एक जुनी शिडाची होडी आली. समुद्र घाटाखाली राहिला आणि होडी जंगलात आली. वर्षातून एक दिवस ती सुपा धरणाच्या पाण्यात उतरे. बाकीचं वर्ष काकांच्या अंगणात, ट्रेलरवर.

तरी दिवाळीनंतर बुडाला रंग व्हायचाच. समुद्रात होडीला शिंपले, शेवाळ धरू नये म्हणून लावतात तो लाल, विषारी रंग. इथे अंगणात होडीजवळ कोंबड्यांशिवाय कुणी फिरकत नसे, आणि धूळ पोटात जाईल म्हणून काका त्यांनाही हाकलत. जुना रंग मी मजुरीवर घासायची. खाली ताडपत्री, तोंडाला फडकं, आणि पाणी मारत मारत. एकदा धीर करून विचारलं, "काका, हितं शिंपलं कुठनं येणार?"

"रंग हाय म्हणून येत न्हाईत," ते म्हणाले.

ट्रेलरच्या ज्या फळ्यांवर होडी टेकते, तिथलं बूड कुणाला दिसत नाही. पहिल्या वर्षी मी ते तसंच सोडलं. काकांनी वाकून पाहिलं, जॅक लावून होडी इंचभर उचलली आणि ब्रश परत माझ्या हातात दिला.

चौथ्या वर्षी रंगाचा डबा महागला, पेन्शन पुरेना. मी शिलाई मशीनसाठी साठवलेले सहा हजार काकांनी उसने मागितले. मला नाही म्हणता येत नाही. त्या रंगाने मीच बूड रंगवलं, आणि माझी मजुरीही त्यांनी त्याच पैशांतून दिली.

पुढची दोन वर्षं ते पैशांचं बोलले नाहीत. मी कुंपणापर्यंत जायची, चहा झाला का विचारून परत यायची. शेजारच्या पार्वतीअक्काने गावभर केलं, "हिची मशीन होडीच्या बुडाला चिकटली. आता ती सुटायला कुठला रंग लावणार?"

यंदा काकांचे गुडघे गेले. बूडच बघता येत नाही तर होडी ठेवून काय करू, म्हणाले. कारवारहून गिऱ्हाईक आलं. त्याने शीड पाहिलं नाही, डोलकाठी पाहिली नाही. सरळ जॅक मागितला आणि ट्रेलरखाली उताणा झाला. या खेपेला काका वाकणार नव्हते, फळ्यांवरचं बूड मी सहज सोडू शकले असते. सोडलं नव्हतं. गिऱ्हाइकाने उठून पाठीची माती झटकली आणि काकांचा भाव मान्य केला.

ट्रेलर वळणाआड जाईपर्यंत काका उभे होते. मग खिशातून नोटा काढून त्यांनी माझ्या हातात ठेवल्या.

"मोजून घे."

"असू देत, काका."

"असू देत कसं? वरच्या कोऱ्या दिसतात, खालच्या बघ."

मी लाजून तशीच घरी आले. दार लावलं, गड्डी उलटी केली आणि खालून मोजायला लागले. पूर्ण सहा हजार होते.