नळावरचा नंबर

आमच्या गल्लीत इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं, पण ‘नंबर’ या शब्दावाचून कुणाचं पान हलत नव्हतं. चपलेला नंबर, हजेरीला नंबर, राजारामपुरीतला डॉक्टर काढून देई तो चष्म्याचा नंबर. रस्सा जमला की ‘एक नंबर’, आणि दोन नंबरच्या धंद्याबद्दल मात्र हळू आवाजात बोलायचं. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं की धाकटीला सगळे चिडवायचे, “आता तुझा नंबर!” पण खरा मानाचा नंबर नळावरचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गल्लीला नळ एकच, पाणी पहाटे यायचं. संध्याकाळीच नळापाशी भांडी मांडून नंबर लावायचा. फुटका डबा ठेवला तरी ती त्या घरची जागा, त्याला कुणी हात लावायचा नाही. अपवाद फक्त दोघींचा, माझी आई आणि समोरच्या काकी. दोघी एकमेकींचं भांडं खुशाल मागं सारायच्या आणि रोज पहाटे कडाकडा भांडायच्या. आमच्या घरी गजराचं घड्याळ कधी आणावंच लागलं नाही.

एका वर्षी आईला टायफॉइड झाला. ती दवाखान्यात होती तेवढे दिवस आमचं पाणी काकींनीच भरलं, तेही एक शब्द न बोलता. आई घरी आली ती नुसती हाडं घेऊन. डॉक्टर म्हणाले, आता सगळं खाऊ द्या. पण ती भाकरीचा तुकडा मोडायची आणि ताट बाजूला सारायची.

जरा बळ आल्यावर हट्टानं कळशी घेऊन नळावर गेली. काकींनी आपला हंडा नळाखालून काढला आणि म्हणाल्या, “ये गं, आधी तू भर.”

आई घरी येऊन रडायलाच लागली.

“तिनं मला पुढं सोडलं. आता माझं काय खरं न्हाय.”

“डॉक्टर म्हणतात की, बरी झालीस म्हणून,” वडील म्हणाले.

“डॉक्टर खोटं बोलंल. ती न्हाय बोलायची.”

मी घाबरले. पळत जाऊन काकींना सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. “असं म्हणली व्हय?” एवढंच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकींनी आईची कळशी उचलून पार मागं ठेवली. “आजारी पडलीस म्हणून नळ काय तुझ्या बाचा झाला? सर मागं!”

आईनं पदर खोचला. “माझ्या कळशीला हात लावतीस? लाव की परत!” आवाज आधी चिरका निघाला, मग चढत गेला. दारं उघडली, पण सोडवायला कुणी पुढं झालं नाही. मी जवळच उभी होते. काकी एरवी कुणाला श्वास घेऊ देत नसत. त्या दिवशी मात्र थांबून थांबून भांडत होत्या, आईला दम लागू नये म्हणून.

त्या दिवशी आईनं अख्खी भाकरी खाल्ली आणि वर अर्धी मागून घेतली.