आबांची जीप

लोणावळ्याच्या गॅरेजात माझी गाडी होईपर्यंत मी बाकावर बसलो होतो. समोर लोहगडवाडीला पर्यटक नेणारा एक जीपवाला उभा होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याच्या जीपचा मागचा ॲक्सल वाकला होता. मेकॅनिक 'नवा टाका' सांगून थकला, पण हा उपरण्यानं बोनेट पुसत एकच म्हणे, "आबांची गाडी हाय. ठोकून सरळ कर."

वडिलांवरची ही माया पाहून मला भरून आलं. "इंजिन अजून मूळचंच?" मी विचारलं.

"छ्या! दोनदा बदललं. गिअरबॉक्सबी. बॉडी तर औंदाच नवी बांधली."

"मग आबांचं राहिलं काय?"

"ह्यो ॲक्सल की!"

"म्हणजे रोज आबांच्या पाठीवर दहा माणसं बसवून घाट चढता?" मी आपलं थट्टेनं म्हणालो.

त्याचं पुसणं थांबलं. तो मेकॅनिकला म्हणाला, "काढ त्यो. नवा टाक."

जुना ॲक्सल निघाल्यावर दोघांनी धरून तो पुढच्या सीटवर आडवा ठेवला. त्यावर उपरणं पांघरून त्यानं मला बजावलं, "गडावर आलात तर मागं बसायचं. म्होरली शीट आता आबांची."