लग्नाच्या बोर्डावरचा फोटो

नवरा गेल्यावर वर्षभरानं मी बेलापूरच्या पेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात फोटोशॉप शिकायला जाऊ लागले. वाढदिवस, श्रद्धांजली, उद्घाटन, सगळे बोर्ड तिथं बनत. मालक तोंडाचे फटकळ, पण शिकवण्यात हात आखडता घेत नसत. मला मात्र माउस धरला की घाम फुटायचा. एका पुढाऱ्याला गोरं करता करता मी त्याचा कानच उडवला. मालक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, तसंबी तो कुणाचं ऐकत न्हाई."

त्याच सुमारास धाकट्या दिरांचं लग्न ठरलं. बोर्डावर सगळ्या घराचा फोटो हवा, असा सासूबाईंचा हट्ट. तसा फोटो एकच होता, ट्रॅक्टरच्या पूजेच्या दिवशीचा. त्यात माझा नवरा मला अर्धी झाकून पुढं उभा होता. दीर पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आले आणि खाली बघत म्हणाले, "वैनी, दादाला काढावं लागंल. शुभकार्याचा बोर्ड हाय." मग जरा थांबून, "अन् तुमचं कुंकू बी."

माझं डोकं तापलं. ट्रॅक्टर ज्यानं आणला, तोच फोटोत नको. पण मी म्हणाले, मीच करते. त्याला दुसऱ्या कुणी पुसलेलं मला सोसलं नसतं. आणि तो नाही तर नाही, त्या घराच्या फोटोत निदान मी तरी राहायलाच हवी होते.

कुंकू एका क्लिकमध्ये गेलं. नवरा मात्र तसा जाईना. त्याला काढलं की माझ्या डाव्या अंगाला भोक पडे, कारण तिथं मी कॅमेऱ्याला दिसलेच नव्हते. शेवटी मी माझा उजवा खांदा कॉपी केला, उलटा करून डावीकडं बसवला. मोठ्या ऐटीत फोटो सासूबाईंना मोबाईलवर दाखवला.

"अगं, पदर कुठं गेला तुझा? अशी उभी ऱ्हातीस व्हय माणसांत?"

पदर डाव्या खांद्यावर असतो, हे बाई असून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग फोटोतल्या सासूबाईंच्याच पदराचा तुकडा उचलला, त्याला माझ्या साडीचा रंग दिला आणि माझ्या खांद्यावर घातला. मालक म्हणाले, "आता हात बसला तुमचा." सासूबाई म्हणाल्या, "आता कशी घरातली दिसतीस." मला फार बरं वाटलं, आणि ज्याला पुसलं त्याच्यासाठी रडूही आलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी वस्तीच्या वाटेवर बोर्ड लागलेला पाहिला. फोटोत सगळे खांद्याला खांदा लावून उभे होते. मी नव्हते.

मालकांना फोन लावला. "तुमच्या दिरांचा निरोप आल्ता. पोरीकडच्यांनी सांगितलं म्हणं, बोर्डावर विधवा बाई नको. मला वाटलं, तुमाला ठाऊक आसंल."

मी फोन ठेवला. बोर्डाच्या अगदी जवळ जाऊन जोड शोधत राहिले. आता मला जोड ओळखता येत होता. पण मालकांचा हात मुरलेला. कुठं फट नाही, कुठं डाग नाही. संध्याकाळी नवी नवरी याच वाटेनं येणार होती. तिला दिसणार होतं, या घरात माणसं एवढीच.