विहिरीची बातमी

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास नंदनवन नावाच्या वस्तीत आमच्या घरामागे एक जुनी विहीर होती. जमिनीशी सपाट, कठड्याचं नाव नाही. तिच्याभोवती वस्तीतली पोरं शिवाशिवी खेळत आणि त्यात माझी सहा वर्षांची मुलगीही असे. कठड्यासाठी सरकारी कचेरीत अर्ज करून करून चपला झिजल्या, तेव्हा मी एका स्थानिक दैनिकाच्या वार्ताहराला गाठलं.

तो दुपारी चारला छापखान्याजवळच्या टपरीवर चहाला येई. मी शहाण्याने त्याच्यापुढेही अर्जच ठेवला. 'सविनय निवेदन', आणि खाली वस्तीभराच्या सह्या नि अंगठे. त्याने तो न वाचताच परत केला.

"कोणी पडलं का गा?"

"नाही."

"मंग मी काय लिहू? काही झालं का येजो."

माणूस वाईट नव्हता, दर वेळी चहा पाजायचा. पण दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो, तरी प्रश्न तोच. मला त्याचा राग यायचा. खरं सांगतो, पुढेपुढे त्या विहिरीचाही यायला लागला, की मेली काही करतच नाही.

एका शनिवारी दुपारी धप्पकन आवाज झाला. पाठोपाठ बायकांचा गलका, "पडलं वं, पडलं." विहीर घरापासून वीस पावलांवर होती. मी सायकल काढली आणि थेट टपरी गाठली.

"पडलं," मी धापा टाकत म्हणालो.

वार्ताहराने कप खाली ठेवला. "कोण?"

मी बघायला गेलोच नव्हतो.

"तुही पोरगी कुठी आहे गा?" त्याने हळूच विचारलं.

परतीचा रस्ता मला आठवत नाही. तो स्कूटरवर मागोमाग आला, एवढंच आठवतं. शेजाऱ्यांची बकरी पडली होती. लोकांनी दोर सोडून तिला वर काढलं होतं आणि माझी मुलगी तिला गोणपाटाने पुसत होती. मी तिथेच मातीत बसलो.

बकरीची पाच ओळींची बातमी आली आणि महिन्याभरात कठडा बांधून झाला. वस्तीत माझं कौतुक झालं, हारसुद्धा घातला. तो गळ्यात असताना मला मुलीचा त्या दुपारचा प्रश्नच ऐकू येत होता.

"बाबा, मी तुमाले किती हाका मारल्या. तुमी कुठी गेले होते?"

मदत आणायला, असं मी तिला सांगितलं होतं.