लातुरातल्या समुद्राला जादा लाइट

दातांच्या डॉक्टरकडे एवढे किस्से जमतात कसे, असं मला लोक विचारतात. बरोबरच आहे. माझ्यासमोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असतो आणि त्या तोंडात माझे दोन्ही हात असतात. तो बोलणार कधी? खरं सांगायचं तर माझ्या खुर्चीवर आजवर एकही किस्सा घडलेला नाही. घडायला लागले ते मी वेटिंग रूममध्ये समुद्र आणून ठेवल्यापासून.

समुद्र म्हणजे चार फुटी काचेचा टँक. खारं पाणी, पाच-सहा मासे आणि नर्सरीत वाढवलेलं मऊ जातीचं कोरल, म्हणजे प्रवाळ. हा शौक मुंबईत कुणी केला तर एक वेळ समजू शकतो. नांदेडहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र यायला अख्खा दिवस जातो. त्यामुळे नांदेड-लातूरकडचे आम्ही सगळे टँकवाले मिळून एका गाडीत मावतो. नांदेडात मी आणि दुकानदार सलीमभाई, भोकरचे देशमुख आणि लातूरचे अप्पा. अप्पांचा तुरीचा व्यापार. टँक नावाला त्यांचा, जीव लावलाय तो त्यांच्या मुलीनं, गौरीनं. ती तिथल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते.

तर एक दिवस गौरीचा फोन आला, "डॉक्टरकाका, माझं कोरल तपकिरी पडून राह्यलं."

कोरल हे झाड नाही, प्राणी आहे. पण त्याच्या अंगात शेवाळाचे बारीक कण राहतात आणि उजेडावर त्याचा स्वयंपाक करतात. उजेड कमी पडला की कोरल उपाशी राहतं, तपकिरी होतं, मिटतं आणि मरतं. मग नेहमीच्या पांढऱ्या लाइटच्या जोडीला एखादी जादा एलईडी पट्टी लावावी लागते. कुठली लावावी, हा प्रश्न. या एका प्रश्नात आम्ही जेवढं डोकं घातलं, तेवढं मी डेंटल कॉलेजात घातलं असतं तर आज पुण्यात असतो.

*

पहिला प्रयोग माझ्यावर झाला. सलीमभाईंनी निळीशार पट्टी दिली आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, पयले तुम लगाव. तुमारा टँक मजबूत है." पट्टी लावली. कोरल खरोखर खुललं, मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी एक पाटील दाढ धरून आले. गाल एवढा सुजलेला. वेटिंग रूममध्ये दहा मिनिटं बसले आणि उठून चालू लागले. मी आतून पाहिलं, मागे धावलो. म्हटलं, "पाटील, नंबर तुमचाच होता की. काय झालं?"

पाटलांनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टर, राग मानू नका. तुमच्याकडं बसलेले समदे लोकं निळे पडून राह्यलेत. मी म्हणलं, आपली दाढ बरी."

त्याच संध्याकाळी पट्टीला पुठ्ठ्याचा आडोसा करून मी उजेड फक्त पाण्यात पडेल असा केला. पाटील आठवड्यानं परत आले. मी दाढ काढली, ते गेले. पण जाताना दारातल्या आरशात आपले ओठ नीट बघून गेले.

*

देशमुखांचा मात्र दुकानातल्या लाइटवर विश्वासच नाही. भोकरला त्यांची शेती आहे आणि एका रोपवाटिकेत ओळख आहे. तिथं केळीची रोपं ज्या गुलाबी-लाल एलईडीखाली वाढवतात, तसली एक पट्टी त्यांनी उचलून आणली.

"उजेड तो उजेड," ते फोनवर म्हणाले. "रोपं वाढून राह्यलीत, तर कोरल का न्हाई वाढणार?"

गौरीनं त्यांना सांगून पाहिलं की काका, लाल उजेडाचा फायदा आधी शेवाळाला होतो, कोरलला निळा लागतो. देशमुखांनी "हाव, हाव" केलं आणि पट्टी लावली.

तीन आठवड्यांनी आम्ही सगळे भोकरला गेलो. टँकमध्ये मासे दिसत नव्हते. दगड दिसत नव्हते. पाणीसुद्धा अंदाजानं होतं म्हणायचं. आत फक्त हिरवंगार, केसाळ, वीतभर लांब शेवाळ. देशमुखांनी बाही वर करून मूठभर उपटलं आणि आमच्यासमोर धरलं. आम्ही सगळे एकदम समजावायला लागलो, की लाल उजेडामुळे असं होतं, पट्टी काढा, पाणी बदला.

देशमुखांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बियाणं टाकलं न्हाई. खत टाकलं न्हाई. वीस दिवसात एवढं पीक. हे बिघडलं कसं ते नका सांगू मला. हे सोयाबीनवर आणायचं कसं, ते सांगा."



*

लातुरात लाइटच्या आधी पाण्याची अडचण. आमच्या बाकीच्यांच्या घरी लोक टँक बघून "वा" म्हणतात. अप्पांच्या घरी लोक टँक बघून गप्प होतात. जिथं नळाला पाणी आलं की माणसं लग्नातून उठून घरी जातात, तिथं एक शिकलेली मुलगी फिल्टरचं गोडं पाणी पिंपात भरते आणि त्यात मोजून मीठ टाकते, हे कुणाला पटणार?

टँकरवाल्यानं एकदा गौरीला हे करताना पाहिलं. तो पाइप हातात धरून तसाच उभा राहिला. मग अप्पांना हळूच म्हणाला, "अप्पा, ताईंची तब्येत बरी हाय ना?"

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, कारण तोच प्रश्न पुढं स्थळांकडून यायला लागला. एका पाहुण्यांनी विचारलं, हे सामान मुलीसोबत येणार का? गौरी म्हणाली, येणार. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. दुसऱ्यांनी टँक बघून महिन्याच्या लाइट बिलाची चौकशी केली, आणि मुलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

शेवटी अप्पा वैतागले. "गौरे, यंदा लगीन लागलंच पायजे. टँक नेता येत नसंल तर सलीमभाईला वापस देऊन टाकू."

गौरी म्हणाली, "जिथं टँक जाईल तिथं मी जाईन. न्हाईतर दोघं इथंच हावोत."

ही पोर हट्टी नाही, हे मी सांगू शकतो. लहानपणापासून ओळखतो तिला. पण ते कोरल तिनं नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलं होतं आणि आता त्याला शर्टाच्या बटणाएवढी शंभरेक तोंडं होती. ती तोंडं रोज थोडी थोडी मिटत चालली होती. मला त्या पोरीसाठी वाईट वाटायचं.

*

मग एका रविवारी अप्पा गौरीला घेऊन नांदेडला आले, लाइट घ्यायला. सलीमभाईंनी काउंटरवर पाच पट्ट्या मांडल्या, पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या खोक्यांत. गौरी खोक्यांवरचे आलेख वाचायला लागली. अप्पांनी खिशात हात घातला आणि मूठभर तूर काढली.

त्यांची ही सवयच. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल बघायचा तो तळहातावर पसरून, दाणा दाणा फिरवून. अप्पा एकेका पट्टीखाली तळहात धरायचे, तूर हलवायचे, मान वाकडी करून बघायचे आणि पुढच्या पट्टीकडे जायचे. दुकानातली दोन गिऱ्हाइकं मासे सोडून हेच बघत उभी राहिली.

सलीमभाईंना राहवलं नाही. "अप्पा, कोरल पालना है के तूर बेचना है?"

अप्पांनी तूर तळहातावर नीट पसरली. पाचही पट्ट्या पुन्हा एकदा केल्या. मग दुसऱ्या आणि चौथ्या पट्टीवर बोट ठेवलं. "सलीमभाई, खोके दोन हायत. माल एकच हाय."

"नक्को अप्पा, ये अलग कंपनी, वो अलग कंपनी."

"दोन्हीखाली माझी तूर सारखीच आजारी दिसून राह्यली," अप्पा म्हणाले.

सलीमभाईंनी दोन्ही पट्ट्या उलट्या केल्या, मागचे स्क्रू काढले. आत एकाच छापाचे दिवे, एकाच छापाच्या तारा. सलीमभाई बिचारे खरोखर ओशाळले, त्यांनाही वरून तसाच माल आला होता. तेव्हापासून नवा माल आला की ते आधी घरातून तूर मागवतात. पण काय बघायचं ते त्यांना अजून कळलेलं नाही.

*

अप्पांनी मग पाचांतली सगळ्यात जोरदार पट्टी उचलली. तिच्याखाली तूर सोन्यासारखी दिसत होती, एवढं एकच कारण. लातूरला नेऊन लावली, पूर्ण जोरात, दिवसाचे बारा तास.

चार दिवसांत कोरल तपकिरीचं पांढुरकं व्हायला लागलं. आधी उपाशी होतं, आता भाजत होतं. गौरी क्लासमध्ये, अप्पा दुकानात. घरी एकट्या काकू, म्हणजे गौरीची आई. त्यांना यातलं विज्ञान काही माहीत नव्हतं, पण दुपारी टँकसमोर धान्य निवडत बसल्या की त्यांना त्या उजेडाकडे बघवेना. त्यांनी आपली जुनी सुती साडी आणली आणि एकपदरी करून लाइट आणि पाण्याच्या मध्ये पसरली. गौरी घरी यायच्या आत काढून ठेवायच्या. असा आठवडा गेला.

कोरल हळूहळू सावरलं. गौरीनं आम्हा टँकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले, सोबत मोठा मेसेज. मीठ बदललं म्हणून, पाण्याचा जोर वाढवला म्हणून, वगैरे वगैरे. आम्ही सगळ्यांनी शाबासकीचे अंगठे पाठवले. दोन दिवसांनी तिचा क्लास लवकर सुटला आणि ती घरी आली, तेव्हा साडी टँकवर होती.

गौरी चिडली. "आई, हे काय? एवढा महागाचा लाइट आन वर लुगडं?"

काकूंनी साडीची घडी करत तिला विचारलं, "उन्हातनं येताना तू काय केलंस? डोक्यावरची ओढणी तर काढ आधी."

गौरीला नंतर कळलं की नव्या लाइटखाली कोरलवर आठवडाभर जाळी धरायची असते, हळूहळू सवय करायची असते. तिनं ते ग्रुपवर प्रामाणिकपणे लिहिलं. काकूंचा फोटोही टाकला, साडीसकट.

*

आता शेवटचा. यातलं मुलाचं नाव मी बदललंय, कारण त्याचे दात माझ्या हातचे आहेत.

कोरल पुन्हा भाजायला नको म्हणून ती जोरदार पट्टी सलीमभाईंनी परत घेतली आणि गौरीला मऊ उजेडाची दुसरी दिली. निळ्यासोबत त्यात गडद जांभळे दिवेही होते. "आठ दिन देखो, नै पटा तो वापस लाव." सातव्या दिवशी देगलूरहून पाहुणे यायचे होते, गौरीला बघायला. अप्पांनी मलाही बोलावून घेतलं. मला म्हणाले, "डॉक्टर, आज टँकचा विषय तुम्ही काढू नका. हे स्थळ गेलं तर टँकबी गेला म्हणून समजा."

पाहुणे आले. मुलगा आत शिरला आणि मी त्याला ओळखलं, त्यानं मला ओळखलं. संगमेश. गुरांचा डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी एका म्हशीनं डोक्यानं ढुशी दिली आणि समोरचे तीन दात गेले, ते मी बसवले होते. आम्ही पहिल्यांदाच भेटतोय असा नमस्कार केला.

काकूंनी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचे पोहे, आणला. त्याची वाफ जिरायच्या आतच मुलाच्या आईनं सुरू केलं. "आमच्या पोराला सुपारीचं खांड ठाऊक न्हाई. आजवर दवाखान्याची पायरी चढला न्हाई. दात बघा की, कसे मोत्यावानी." मी सुशीलातल्या मिरच्या वेचायला लागलो.

तेवढ्यात लाइट गेली. बाहेर दिवस मावळत आला होता. अप्पांच्या घरात इन्व्हर्टर आहे, पण त्यावर फक्त टँक आहे. आणि टँकच्या टायमरप्रमाणे नेमका तेव्हा निळा उजेड संपून जांभळा सुरू झाला. सगळ्या खोलीत तोच एक उजेड. गौरीचं कोरल हिरवंगार पेटलं. मुलाची आई कौतुकानं "अय्यो" म्हणाली. संगमेश खुर्चीवरून पुढं झुकला आणि मनापासून हसला.

जांभळ्या उजेडात सख्खे दात चमकतात. मी बसवलेले चमकत नाहीत. त्याच्या पांढऱ्या लखलखीत हसण्याच्या मधोमध तीन काळीकुट्ट भोकं दिसली.

अप्पा त्याच्या तोंडाकडे बघत होते. काकूंच्या हातातली ताटली तशीच राहिली. गौरीनं माझ्याकडे बघितलं. फिजिक्स शिकवणारी मुलगी, तिला कळायला किती वेळ लागणार? मी बंद पंख्याकडे बघत बसलो.

मुलाची आई सावरली. "उजेडच खोटा हाय ओ ह्यो. बंद करा की तेवढा."

अप्पा घाईनं उठले. "हाव, हाव. गौरे, बंद कर. उद्याच वापस देऊन टाकू."

संगमेशनं टँकच्या काचेत स्वतःला बघितलं. त्या तीन दातांवरून बोट फिरवलं. "असू द्या, अप्पा. उजेड खरा हाय. तीन दात म्हशीनं पाडलेत, ह्या डॉक्टरसाहेबांनी बसवलेत. आई, तुला म्हणलं होतं, सांगून टाकू." आईनं पदर तोंडावर धरला. तो मात्र खुर्ची सोडून टँकसमोर गुडघ्यावर बसला, काचेला नाक लागेल इतका जवळ, आणि त्यानं कोरलकडे बोट दाखवून गौरीला विचारलं, "हे जितं हाय ना? काय खातं?"

"उजेड," गौरी म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि आपल्या सावलीनं कोरल झाकलं जाऊ नये म्हणून तो थोडा बाजूला सरकला.

अप्पांचा हात बटणाजवळ पोचला होता. गौरी तिकडे न बघताच म्हणाली, "अप्पा, ह्यो लाइट वापस द्यायचा न्हाई."