रेजिनाबायचा लाल फडका

रेजिनाबाय आमच्याकडे टीव्हीवरच्या बातम्या ऐकायला कधीच आली नाही. ती वारा ऐकायला यायची. संध्याकाळी मासळीची रिकामी पाटी डोक्यावर, एक हात माझ्या खिडकीच्या गजावर, आणि फर्मान: "टीचर, तुज्या डब्याचा आवाज वाढव!" बातम्या संपल्या की बाकीचे टीव्ही बंद करत, हिचा कार्यक्रम तिथे सुरू होई. हवामान ऐकलं की चालू पडायची. आत येऊन बस म्हटलं, तर म्हणे, "वारा काय बसून येतो?"

नव्वदच्या दशकात मी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवत होते. नुकतीच नोकरी, कडक इस्त्रीची साडी, आणि सगळं जग आपल्या खडूच्या टोकावर आहे अशी खात्री. आज ती पोरगी मला रस्त्यात भेटली, तर मी पलीकडच्या फुटपाथने जाईन. एकदा पालकांच्या सभेत मी 'विज्ञानाने जग जवळ आणले' यावर असं काही बोलले, की मलाच माझं कौतुक वाटलं. टाळ्या थांबल्यावर मागून रेजिनाबायचा आवाज आला, "जग जवल आलं म्हनतेस, टीचर. पन कोनाच्या जवल?"

मी हसले. अडाणी प्रश्न वाटला मला.

त्या वर्षी पास्कूशेटच्या मोठ्या बोटींवर वायरलेस सेट आले होते. किनाऱ्यावरचा सेट त्याच्या ओटीवर. बोलायचं तर बटण दाबायचं, ऐकायचं तर सोडायचं. संध्याकाळी त्याच्या खलाशांच्या बायका ओटीवर बसून नवऱ्यांची खुशाली ऐकत. लहान होड्यांवर सेट नव्हते, म्हणून त्यांच्या बायका पायरीवर. कुणी तसा नियम केला नव्हता, पण कुणी मोडतही नव्हतं. रेजिनाबायचा नवरा इनास लहान होडीवाला. ती पायरीवर.

एका दुपारी रेडिओने वादळाचा इशारा दिला. रात्रीपर्यंत किनाऱ्यावर येणार होतं. आणि समुद्र कसा होता? ताटात ओतलेल्या दुधासारखा. पास्कूशेटने सेटवरून आपल्या बोटी परत बोलावल्या. ओटीवरच्या बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. पायरीवर कुणी हललं नाही. इनाससकट पाच-सहा होड्या बाहेर होत्या, आणि त्यांना हे सांगणार कोण?

रेजिनाबाय उठली आणि पहिल्यांदाच ओटीवर चढली. "पास्कूशेट, तुज्या बोटी येतातच हाय. येताना डोलकाठीवर लाल फडका चढवायला सांग. आमचे बघतील नि फिरतील." धोक्याला लाल, हे दर्यावर पोरासोरांनाही ठाऊक.

"बाय, एवढ्या लांबून फडका कोण बघणार?"

"ज्याच्याकडे सेट नाय, तो डोले उघडे ठेवतो."

पास्कूशेट वाईट माणूस नव्हता, पण त्याचा घसा ओरडून बसला होता आणि धक्क्यावर दोर बांधायला माणसं खोळंबली होती. पायऱ्या उतरता उतरता त्याने, चौकशी करायला आलेल्या मला माईक दिला. "टीचर, तुम्ही सांगा. शुद्ध बोलता, नीट कळेल."

झालं! मी पदर सावरला, बटण दाबलं आणि सुरू केलं: "सर्व नौकांवरील बंधूंना सूचित करण्यात येते की..." कारण सांगितलं, दिशा सांगितली, लाल रंग दुरून का दिसतो तेही सांगितलं. मग उत्तराची वाट पाहिली. काही नाही. पुन्हा सांगितलं, काही नाही. पायरीवर एकीने रडायला सुरुवात केली. तसं मी बटण आणखी घट्ट दाबलं.

अंगणातूनच मागे वळून पास्कूशेट बसक्या आवाजात ओरडला, "अहो टीचर, बटण सोडा! तिकडचा बोलणार कसा?"

रेजिनाबायने माईक माझ्या हातातून काढूनच घेतला. "सांतान, लाल फडका चढव. बिनसेटवाल्यांना घेऊन ये." आणि बटण सोडलं.

खरखर. नुसती खरखर. मग मोठी बोट हाकणाऱ्या सांतान तांडेलचा आवाज आला: "फडका नाय, बाय. पोराचा लाल बनियन हाय."

"चढव तोच!"

नंतर आम्ही सगळ्या धक्क्यावर. ढग भरून आले, वारा पडला, आणि तो पडलेला वाराच जास्त भीतीदायक होता. पहिली मोठी बोट आली, डोलकाठीवर बनियन लोंबतोय. तिच्यामागे एक होडी, मग दुसरी. रेजिनाबाय प्रत्येक होडीकडे बघायची आणि मान फिरवायची. दिवेलागणीला इनास आला, सगळ्यांत शेवटी. उतरता उतरता म्हणाला, "दर्या झ्याक होता, उद्याच येनार होतो. लाल दिसलं म्हनून फिरलो." तिने त्याला एक शिवी घातली आणि मगच रडली. त्या रात्री वाऱ्याने धक्क्यावरच्या शेडचे पत्रे उडवून नेले.

पुढे सेटवाल्या प्रत्येक बोटीवर लाल फडका ठेवायची रीत पडली. आणि मी कुठेही लांबण लावली, की खिडकीतून हाक यायची, "टीचर, बटन सोड!" माझी नातवंडं आजही मला हेच ऐकवतात. चूक नाही त्यांची.

दोन हजारनंतर इनासच्या होडीवरही सेट आला, पोरांच्या खिशात मोबाइल आले. रेजिनाबाय तेव्हा अंथरुणाला खिळली होती. मी भेटायला गेले, तर तिने आधी इनासला विचारलं, "फडका हाय ना होडीत?"

मी म्हटलं, "रेजिनाबाय, आता सेट आहे ना तुमच्याकडे! फडका कशाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं, त्या सभेतल्यासारखंच. "आपल्याला आला, म्हंजे सगल्यांना आला काय, टीचर?"

या वेळी मी हसले नाही. ती गेली, त्या दिवशी इनासने होडी बाहेर काढली नाही, पण होडीतला फडका मात्र काढला नाही.