वस्तऱ्याची धार कोण मारत होतं

फोन आला तेव्हा माझा अर्धा गाल फेसात होता. दवाखान्यातून मुलगी बोलत होती, "बाबा, आई गेली..." एवढंच. पुढे तिला बोलता येईना. माझ्या हातात वस्तरा उघडा होता आणि त्या सकाळी तो फार छान चालला होता. हे लिहिलेलं बरं दिसत नाही, पण खरं तेच आहे. सुमती दवाखान्यात गेल्यापासून वस्तरा रोजच छान चालत होता. इतकी धार आमच्या घरात आधी कधी टिकली नव्हती. ही गोष्ट मला त्या वेळीसुद्धा टोचली. फोन ठेवायच्या गडबडीत हनुवटीवर चीर पडली. तेरवीला आलेले लोक टक लावून बघत होते ते त्या चिरेकडे.

मी सातवीपर्यंत शिकलेला, कारखान्यातला फिटर. मुलगी म्हणाली, पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या माणसाबद्दल लिहितात, तुम्ही आईबद्दल लिहा. पण तिच्याबद्दल लिहायला बसलो की मला वस्तराच आठवतो.

प्रेम नगरात, इकडे हिंदी मुलखात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी हल्के भैयांचं न्हाव्याचं दुकान होतं. सगळी उमर माझी दाढी त्यांनीच केली. मग ते दुकान बंद करून मुलाकडे बरुआसागरला राहायला निघाले. दुसऱ्या कुणाच्या हातात मी माझा गळा देणार नाही. नवीन पोरं कानात गाणी घालून वस्तरा फिरवतात, त्यांचा काय भरवसा. मी म्हटलं, जाताना तुमचा एक वस्तरा मला द्या आणि धार लावायला शिकवा. ते घरी आले, अंगणात बसले आणि आत हाक मारली, "भौजी, एक काँच को गिलास दइयो." सुमतीला वाटलं पाणी हवंय, तिने भरून आणला. त्यांनी पाणी तुळशीत ओतलं आणि वस्तऱ्याची धार पेल्याच्या काठावरून हलकेच ओढली. म्हणाले, "दद्दा, पहले पुरानी धार मार दो, तब नई बनत." म्हणजे जुनी धार काचेवर ओढून बोथट करायची, मगच नवी बसते. मग दगड पाण्याने भिजवला. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या हव्यात, दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. शेवटी कोरडा पुसून तेलाचं बोट. सुमती पदराला हात पुसत उभी राहून सगळं बघत होती. नंतर म्हणाली, "हा पेला आता प्यायला घ्यायचा नाही." तो तिने मोरीच्या खिडकीत ठेवला, तो तिथेच राहिला.

मी शिकलो. लोखंडावर हात बसलेला माणूस, मला काय कठीण. रविवारी धार लावली की मनगटावरचे केस नुसत्या स्पर्शाने जायचे. पण दोन दिवसांत वस्तरा गालावर ओढायला लागायचा. आधी मला दगडवाल्याचा संशय आला, त्याने भलताच दगड गळ्यात मारला असेल. मग हल्के भैयांचा. कारीगर माणूस हातचं राखूनच शिकवतो. बसने बरुआसागरला जाऊन त्यांना विचारलं. त्यांनी वस्तरा उन्हात धरला, धारेवरून नजर फिरवली आणि एवढंच म्हणाले, "दद्दा, घर में कोऊ छुअत है ई खों." म्हणजे घरातलंच कुणी त्याला हात लावत होतं.

आलो तो थेट स्वैपाकघरात. म्हटलं, "तू वस्तऱ्याने दुधाची पिशवी कापतेस."

"पिशवी मी दातांनी फाडते. आणि न्हाव्याचं हत्यार मी इथे आणीन होय?"

"मग धार जाते कुठे?"

"माझी चांगली कात्री पत्रे कापून तुम्ही बोथट केलीत, तेव्हा मी कुणावर संशय घेतला होता?" म्हणाली आणि पोळी उलटायला वळली. साबणाशेजारी मात्र प्लास्टिकचं रेझर येऊन पडलं. मी फेकलं. दुसरं आलं. अशी किती वर्षं गेली. मी कपाटाला कुलूप लावून पाहिलं, किल्ली जानव्याला बांधली. आंघोळीला जाताना किल्ली गंजू नये म्हणून सोडून खुंटीला अडकवत होतो, हे मला कधी सुचलं नाही.

याच वर्षांत ती मला चहा अर्धा कप द्यायला लागली. दुधात काटकसर करते, दुसरं काय. मागितला तर पुन्हा अर्धा द्यायची, भरून कधीच नाही. यावरूनही मी बोललो होतो.

तेरवीनंतर मुलगी मोरी धूत होती. म्हणाली, "बाबा, या गिलासचा काठ गेलाय, फेकून देते." मी घेतला. काठावरून अंगठा फिरवला. सगळीकडून खरखरीत, आणि काळसर बारीक रेघा, एकीवर एक... हल्के भैयांनी तर एकदाच ओढली होती. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसलो.

"आई असं कशाला करेल?" मुलीने विचारलं. तिला काही कळेना. तिने चहा आणून दिला, काठोकाठ भरलेला. मी ओठांशी नेईपर्यंत निम्मा सदऱ्यावर. मुलगी माझ्या हाताकडे बघत राहिली. मीही बघितलं. सुमती घरात असताना या हाताने सदऱ्यावर चहा सांडल्याचं मला आठवत नाही.

मला हे विचारायचं होतं तिला. सरळ का नाही सांगितलंस? ती म्हणाली असती, तुम्ही ऐकलं असतंत का... आणि मी ऐकलं नसतंच. पण खात्री कुठे आहे? मेलेल्या माणसावर आळ घ्यायचा आणि ते हो-नाही काहीच म्हणणार नाही.

पेला खिडकीत आहे. रविवारी मी अजून धार लावतो. दाढी त्या प्लास्टिकच्या रेझरने करतो. वस्तरा पुसून, तेल लावून कपाटात ठेवतो, कुलूप न लावता. सकाळी उठलो की आधी तो काढून अंगठ्याच्या नखावर धार बघतो, अगदी पूर्वी बघायचो तशीच, संशयाने. अजून तरी कुणी हात लावलेला नाही.